कंसातले सर्व

सरकारी पत्राच्या माथ्यावर 'प्रति, जिल्हाधिकारी (सर्व)' असं छापलेलं असायचं. तेच पत्र पुढे 'तहसीलदार (सर्व)' व्हायचं, मग 'मंडळ अधिकारी (सर्व)', आणि सरतेशेवटी 'तलाठी (सर्व)'. माझे वडील त्या शेवटच्या कंसात होते. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी, कुरखेडा, धानोरा अशा बदल्या होत-होत त्यांची नोकरी सरली. मुंबईहून सुटलेला कागद त्यांच्या साझ्यापर्यंत पोचायचा तेव्हा माहिती सादर करायची शेवटची तारीख एक तर उद्या असायची, नाहीतर काल होऊन गेलेली. कोकणातल्या वरकसाला आणि धानोऱ्याच्या धानाच्या बांधीला एकच नमुना, तेच रकाने. वडील कागद वाचायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि तीन थप्प्या करायचे. पहिली, आजच करायची. दुसरी, भरून पाठवून मोकळं व्हायची. तिसरी, स्मरणपत्र येईस्तोवर थांबायची. "स्मरणपत्र आलं नाही तं समजाचं, वरच्यालेही त्याची गरज नव्हती," हे त्यांचं शास्त्र.

त्या तिसऱ्या थप्पीचा मी लहानपणी चेष्टेने उल्लेख करायचो. आता माझ्याच कामाकडे नीट पाहायला बसलो की तीच थप्पी आधी आठवते, कारण मी आज कंस टाकणाऱ्यांच्या बाजूला आहे.

माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. सर्व्हर म्हणजे आता लोखंडी पेटी राहिलेली नाही. एका दणकट यंत्राच्या पोटात दहा-वीस, कधी त्याहूनही जास्त आभासी सर्व्हर चालतात, आणि आतून प्रत्येकाला आपलं यंत्र स्वतंत्रच भासतं. ही यंत्रं नवी मुंबईत, ऐरोली-रबाळ्याच्या पट्ट्यात. मी चंद्रपुरात, तुकूमला, घरातल्या मागच्या खोलीत. करोनात पुण्याहून परतलो तो इथेच राहिलो. शेकडो सर्व्हरमध्ये एकेक करून शिरणं कोणालाच शक्य नसतं, म्हणून त्यांचे गट पाडलेले असतात. एका फाइलीत चौकटी कंसात गटाचं नाव, त्याखाली त्या गटातल्या सर्व्हरांची यादी. आदेश सुटतो तो गटाच्या नावाने. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचा, की पडद्यावर नावं उतरू लागतात: हिरव्यात 'ओके', पिवळ्यात 'चेंज्ड', लालमध्ये 'अनरीचेबल' नाहीतर 'फेल्ड'. शेवटी सगळ्यांचा गोषवारा येतो. तो सगळा हिरवा-पिवळा असला की बरं वाटतं.

त्या बरं वाटण्याची चौकशी मला करायची आहे. काम नीट झाल्याचं समाधान त्यात आहे, ते रास्तच आहे. पण तेवढंच नाही. एका ओळीने दोनशे ठिकाणी एकदम काहीतरी बदललं, यात एक मजा आहे, आणि ती मजा सुतार-गवंड्याच्या समाधानातली नाही, पाटीलकीतली आहे. गावात दवंडी पिटवणाऱ्याला निदान घरासमोरून जावं लागतं. मला खुर्चीतूनही उठावं लागत नाही.

आम्ही वापरतो त्या अवजाराचं नाव अ‍ॅन्सिबल. मायकल डीहान यांनी ते २०१२ मध्ये लोकांपुढे आणलं, २०१५ मध्ये रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली. शब्द मुळात उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या एका विज्ञान कादंबरीतला: कितीही अंतर असो, क्षणात निरोप पोचवणारं यंत्र. पण हे यंत्र लोकप्रिय झालं ते ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या १९८५ च्या 'एंडर्स गेम' या कादंबरीमुळे. तिच्यात एक पोरगा दूर बसून अख्ख्या आरमाराला हुकूम सोडत असतो. त्याची समजूत अशी की हा सराव आहे, खेळ आहे. सगळं उरकल्यावर त्याला सांगण्यात येतं की जहाजं खरी होती, त्यांतली माणसं खरी होती आणि पलीकडची एक जमातच त्याच्या हातून संपली. दूरच्या पुष्कळ जहाजांना एकदम हुकूम देता येणं, या सोयीसाठी आमच्या धंद्याने ते नाव उचललं. गोष्टीचा शेवट कोणी फारसा काढत नाही. मी एका कार्यशाळेत काढला तेव्हा लोक हसले, मीही हसलो आणि आम्ही पुढच्या स्लाइडवर गेलो.

आमच्याकडे नवशिक्यांना एक वाक्प्रचार शिकवतात: सर्व्हर हे पाळीव कुत्रं नव्हे, गुरं आहेत. कुत्र्याला नाव असतं, आजारी पडलं तर आपण रात्रभर जागतो. गुरांना नंबर असतो. एक गेलं तर दुसरं आणायचं. पूर्वी खरंच सर्व्हरांना नद्यांची, ग्रहांची नावं देत. आता नाव म्हणजे आकड्यांची माळ. हा वाक्प्रचार ज्या देशातून आला तिथल्या हजारो एकरांच्या कुरणांवर तो खरा असेल. आमच्याकडच्या गुराख्याला कोणी हे सांगून पाहावं. सत्तर-ऐंशी जनावरं जंगलात घेऊन जाणाऱ्या माणसाला कोणती गाय कोणाच्या घरची, कोणती नाल्यापाशी मागे राहते, कोणती गाभण, हे तोंडपाठ असतं. वाघाचं रान आहे; संध्याकाळी एक कमी भरलं तर मालकाच्या दारात उभं राहून त्यालाच उत्तर द्यावं लागतं. गुरं सांभाळणं म्हणजे नावं विसरणं, अशी सोयीची समजूत फक्त ज्यांनी गुरं राखली नाहीत तेच करून घेऊ शकतात.

पण मूळ मुद्दा तिसऱ्या थप्पीचा.

वडिलांच्या साखळीत माणसं होती. प्रत्येक कंसानंतर एक माणूस बसलेला असायचा आणि त्याला, कायद्याने नसला तरी व्यवहाराने, थोडा अडवायचा अधिकार होता. १ जुलै २०१६ ला राज्यभरात एकाच दिवशी दोन कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला. ज्या जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगलच आहे त्या गडचिरोलीतही तो झाला. वडिलांच्या नोकरीची ती शेवटची वर्षं. गावालगतची मोकळी जागा खड्ड्यांसाठी धरली होती, आणि ती ढोरं बसायची जागा होती. वडिलांनी कोणाशी वाद घातला नाही, वर पत्र लिहिलं नाही. सरपंचांना घेऊन फिरले आणि खड्डे शाळेच्या कुंपणालगत आणि रस्त्याच्या कडेला सरकवले. अहवालात आकडा बरोबर गेला. आदेश पाळला गेला आणि गुरांची जागाही राहिली. 'सर्व' म्हणून सुटलेला हुकूम त्या एका गावाच्या मापाचा झाला तो शेवटच्या कंसातल्या माणसामुळे.

सर्व्हरकडे तिसरी थप्पी नसते. तो स्मरणपत्राची वाट पाहत नाही, चष्मा कपाळावर सारत नाही. मी सांगितलं की होतं. म्हणजे आमच्या अवजाराने जी सुधारणा केली ती नेमकी ही: साखळीतून माझे वडील काढून टाकले. मग त्यांचं काम कोणाकडे आलं? दुसरं कोणी उरलेलंच नाही तर ते माझ्याकडेच आलं. आदेश देणाऱ्यानेच शेवटच्या घरापर्यंत जाऊन पाहायचं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हे काम माझ्या कामाच्या वर्णनात नाही, पगारात नाही, आणि बहुतेक रात्री डोक्यातही नसतं.

इथे वडिलांना देवत्व द्यायची माझी इच्छा नाही. त्याच तिसऱ्या थप्पीत एखाद्या म्हातारीचं निराधार योजनेचं प्रकरणही अडकून राहायचं. कंसातल्या माणसाला अडवता येतं म्हणजे त्याला विनाकारणही अडवता येतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं हे आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. पैसे थेट खात्यात येऊ लागले तेव्हा अनेक म्हाताऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मधला माणूस गेला हे सगळं वाईटच झालं असं मी म्हणत नाही. तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर काय काय गेलं याची यादी मी केली नव्हती, एवढंच.

गट कसे पडतात ते सांगतो, कारण निवाडा तिथेच होऊन जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. अ‍ॅन्सिबलमध्ये दोन गट न सांगताच असतात. एक 'ऑल', म्हणजे सगळे. दुसरा 'अनग्रुप्ड', म्हणजे ज्यांना कुठल्याच गटात कोणी घातलं नाही ते. या दुसऱ्याकडे मी बराच वेळ पाहत बसतो कधीकधी. मोठ्या ग्राहकांचे सर्व्हर पद्धतशीर असतात: हे वेब, हे डेटाबेस, हे चाचणीचे. उरतात ते लहानसहान. कोणत्या तरी तालुक्याच्या पतसंस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, एखाद्या शाळेची निकालपत्रकं, एक जुनी फॉर्म भरायची प्रणाली जिचा मूळ कर्ता नोकरी सोडून गेला. ते 'इतर'मध्ये पडून असतात. गट पाडतो मी, माझ्या सोयीसाठी. त्या यंत्रांत एकमेकांशी साम्य एवढंच की ती मला महत्त्वाची वाटली नाहीत. आणि मग काही दिवसांनी तो गट निसर्गात असल्यासारखा दिसू लागतो. २०१८ मध्ये केंद्राने देशातले काही जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, उस्मानाबाद आणि गडचिरोली. गोंडांच्या, माडियांच्या या मुलखाचं आणि वाशीमच्या सोयाबीनचं साम्य काय, तर वरून पाहणाऱ्याला दोघं एका रकान्यात बसले. त्या रकान्यामुळे पैसा आला, कामंही झाली. मी तक्रार करत नाही. फक्त रकान्यात बसवलं जाणं म्हणजे काय ते ज्याला घरातून ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याला बसवताना जरा जास्त वेळ घ्यायला हवा होता, असं मला वाटतं.

आता कॅनरीची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त टोचते.

शहाणी पद्धत अशी की नवा बदल एकदम सगळ्यांवर टाकायचा नाही. आधी चार-दोन सर्व्हरवर टाकायचा, घटकाभर पाहायचं, काही मोडलं नाही तर पुढे. या पहिल्या चार-दोनांना आमच्या धंद्यात कॅनरी म्हणतात. शब्द कोळशाच्या खाणीतला. विलायतेतले खाणकामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन खाली उतरत. विषारी वायू असला तर पक्षी आधी कोसळे आणि माणसांना पळायला वेळ मिळे. १९८६ मध्ये तिथल्या खाणींतून ही पद्धत उठली. मी जिथून हे लिहितो आहे ते गाव कोळशावर बसलेलं आहे; दुर्गापूर, पद्मापूर, बल्लारपूर, सगळीकडे खाणी. इथे बसून कॅनरी निवडायची म्हणजे विषय जरा अंगावर येतो.

तर मी कॅनरी कशी निवडतो? पुस्तकात लिहिलंय की सगळ्या जातीच्या सर्व्हरांचा नमुना त्यात असावा. व्यवहारात मी काय करतो ते वेगळं आहे, आणि ते माझ्या एकट्याचं नाही, ज्या-ज्या ठिकाणी काम केलं तिथे असंच पाहिलं. पहिले सर्व्हर निवडतात ते ज्यांचा मालक रात्री दोन वाजता फोन करणार नाही त्याचे. मोठ्या ग्राहकाच्या करारात दंडाची कलमं असतात, त्याच्याकडे आमच्या साहेबाच्या साहेबाचा नंबर असतो. पतसंस्थेकडे आमचा हेल्पलाइन क्रमांक असतो, तोही कोणाच्या तरी वहीत. बिघडलंच तर त्यांचं बिघडावं. याला आम्ही 'कमी जोखमीचा गट' म्हणतो. जोखीम कमी कोणाला? मला. पतसंस्थेतल्या लेखनिकाला सोमवारी सकाळी दारात रांग घेऊन उभं राहावं लागलं असतं, तर ती जोखीम त्याच्या हिशेबात लहान नसती. हे शब्द मी रोज वापरतो आणि त्यांत 'कोणाला' हा प्रश्न शिरायला जागाच ठेवलेली नाही.

तीच गत वेळेची. मोठे बदल शनिवारी मध्यरात्रीनंतर करायचे, कारण आलेख सांगतो की तेव्हा वापर कमी असतो. आलेख खरा आहे. पण किती जण आहेत एवढंच तो सांगतो. त्यांची नड केवढी आहे ते सांगत नाही. आणि आमच्याकडच्या माणसाचा वापर आलेखाप्रमाणे चालतही नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, कधी दिवसेंदिवस. तिथे सेवा केंद्र चालवणारा पोरगा नेटवर्क येईल तेव्हा काम करतो, मग ते पहाटे तीनला येवो. त्या पहाटे तीनला माझा 'कमी वापराचा' काळ चालू असतो.

बदलाआधी सूचना पाठवायचा नियम आहे, आणि तो पाळला जातो. सूचना इंग्रजीत, आपोआप तयार झालेली, ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता करार करताना कोणीतरी दिलेला. ती वाचली गेली का हे कोणी विचारत नाही. गेली, याची नोंद राहते. वडिलांच्या दुसऱ्या थप्पीची ही माझी आवृत्ती.

लोक म्हणतात, चुका टाळण्यासाठी अवजारं आहेत की. आहेत. चेक मोड आहे: काय बदलेल ते नुसतं दाखवतो, हात लावत नाही. गटातल्या थोड्यांवरच आदेश चालवायची लिमिट आहे. एका वेळी किती सर्व्हरांना हात घालायचा तेही ठरवता येतं. न ठरवलं तर अ‍ॅन्सिबल पाच-पाच घेतो. आणि या सगळ्याची गरज का पडते ते २८ फेब्रुवारी २०१७ ला जगाने पाहिलं. अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या साठवण यंत्रणेत एका कर्मचाऱ्याला थोडे सर्व्हर बंद करायचे होते, ठरलेल्या कृतीपत्रिकेप्रमाणे. आदेशातला एक तपशील चुकीचा टाइप झाला आणि अपेक्षेपेक्षा फार मोठा गट बंद पडला. चारेक तास असंख्य संकेतस्थळं आडवी होती. अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं 'सगळं ठीक आहे ना' दाखवणारं पानही त्याच यंत्रणेवर असल्यामुळे बदलता येईना. नंतर कंपनीने जाहीर निवेदन काढलं. त्यात त्या कर्मचाऱ्याचं नाव नव्हतं, आणि उपाय सांगितला तो अवजारावरचा: यापुढे सर्व्हर सावकाशच बंद होतील आणि किमान संख्येच्या खाली अवजार जाऊच देणार नाही. मला ते निवेदन आवडतं. माणसाला सुळावर न देता त्यांनी आदेशाचा वेग कमी केला. तरी त्यातून माझा प्रश्न सुटत नाही. ती काळजी चुकीच्या आदेशाची होती. मला कोडं पडतं ते बरोबर आदेशाचं, जो ठरल्याप्रमाणे, अचूक, सगळ्यांवर चालला आणि तरी कोणाला तरी लागला.

या बाबतीत मला दोन ठिकाणांहून काही शिकायला मिळालं आणि दोन्ही एकमेकांना मुळीच ओळखत नाहीत.

एक मार्क बर्जेस. भौतिकशास्त्रातला माणूस, ऑस्लोत शिकवत होता. अनेक संगणक एकत्र सांभाळायचं सीएफइंजिन हे अवजार त्याने १९९३ मध्ये लिहिलं; पुढे आलेल्या सगळ्यांचा तो पूर्वज. पुढे २००४ च्या सुमारास त्याने 'प्रॉमिस थिअरी' मांडायला घेतली. थोडक्यात तिचं म्हणणं असं की कुठलाही घटक दुसऱ्याच्या वतीने हमी देऊ शकत नाही. फक्त स्वतःच्या वागण्याची देऊ शकतो. बाहेरून लादलेला हुकूम हा पोकळ, कारण तिथली परिस्थिती तिथल्यालाच ठाऊक असते. म्हणून हुकमांची उतरंड न रचता स्वतःहून दिलेल्या वचनांची गुंफण करा. त्याच्या अवजारात सर्व्हर स्वतः धोरण वाचतो, आपण कोण, कुठे, कोणत्या अवस्थेत ते पाहतो, आणि त्याप्रमाणे स्वतःला नीट करतो. आमचं अ‍ॅन्सिबल त्याच्या उलट, बाहेरून ढकलणारं. ढकलणारं शिकायला सोपं, म्हणून तेच जास्त चाललं.

दुसरं ठिकाण वडिलांच्या धानोरा तालुक्यातलंच: मेंढा (लेखा). योगायोगाने या गावाच्या नावातही कंस आहे, पण तो लेखाजवळचं मेंढा हे ओळखू यावं म्हणून. गोंडांचं लहानसं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा गडचिरोलीत शेंबडं पोरही सांगेल. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला, देशात अशा पहिल्यांपैकी. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. पण मला ओढ वाटते ती त्यांच्या ठरवायच्या पद्धतीची. तिथे बहुमत नाही. मतदान घेऊन एकशे नव्वद विरुद्ध दहा असं मोजत नाहीत. विषय आधी अभ्यास गटात जातो, तिथे माहिती काढली जाते, बाहेरच्यालाही बोलावतात. मग ग्रामसभेत सगळ्यांचं एक होईपर्यंत बोलतात. एखाद्याचं मन वळत नसेल तर निर्णय थांबतो. वडील तिथल्या सभेला सरकारी माणूस म्हणून गेले होते तेव्हा परत आल्यावर म्हणाले होते, "तिथं कोणी कंसात नाही बापा, म्हणून उशीर लागते." त्यांना तो उशीर अडचणीचा वाटला की आवडला, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही.

म्हणून मी लगेच ग्रामसभा घेऊन सर्व्हरवर पॅच, म्हणजे दुरुस्त्या, टाकाव्यात, असं नाही. सर्व्हरला मत नसतं. त्याच्यासाठी हळवं होणं हा बावळटपणा आहे. आणि कधीकधी विचारणं हाच गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, जवळपास सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या जावाच्या लहानशा तुकड्यात भगदाड सापडलं. एक खास ओळ पाठवली की कोणीही बाहेरचा आत शिरून हवं ते चालवू शकत होता. जगभरचे आमच्यासारखे लोक त्या आठवड्यात झोपले नाहीत. तेव्हा 'ऑल' लिहिलं, एंटर दाबला आणि कोणाला विचारलं नाही. विचारायला नको होतं. उंबरठ्यावर साप असताना अभ्यास गट बसवत नाहीत. माझी अडचण वेगळी आहे. त्या आठवड्याने दिलेला अधिकार मी नंतरच्या साध्या, बिनघाईच्या कामांनाही वापरत राहिलो. तातडी ही सवय व्हायला फार दिवस लागत नाहीत, आणि ती झाली की प्रत्येक बदल तातडीचा दिसतो. मंत्रालयातल्या प्रत्येक पत्रावर 'अति तात्काळ' का असतं ते मला माझ्याच खुर्चीत बसून कळलं.

मधूनच एक विचार येतो, तो विषयाला सोडून आहे पण लिहून टाकतो. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. त्याच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. इथून ७५२ किलोमीटरची एक वाहिनी थेट भिवंडीजवळच्या पडघ्याला जाते, १,५०० मेगावॅटची, १९९९ पासून. अमुकच वीज अमुक घरात गेली असं सांगता येत नाही हे मला कळतं. तरी मुंबईकडच्या त्या थंडगार दालनांमध्ये यंत्रं चालतात त्यात इथल्या कोळशाचा वाटा आहेच, आणि मी इथून तिकडेच हुकूम पाठवतो. मग गडचिरोलीतल्या सेवा केंद्रावर उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या बाईला 'सर्व्हर डाउन' असं सांगितलं जातं, तेव्हा तिच्यापर्यंत पोचतो तो शब्द सगळा फेरा मारून आलेला असतो. ती म्हणते, "लाइन नाही का?" पोरगा म्हणतो, "लाइन आहे, सर्व्हर नाही." ती जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे कागद पिशवीत परत घालते आणि शेवटची बस धरते. कुठला सर्व्हर, कोणी बंद केला, का, हे विचारायची सोय तिला नाही. खरं म्हणजे त्या पोरालाही नाही.

विचारायची सोय ज्याला आहे अशा एकाचा मला फोन येतो. इथल्याच एका तालुक्यात फॉर्म भरून देण्याचं काम करतो. त्याचा सर्व्हर मी सांभाळतो त्यांत आहे आणि आमची ओळख लग्नकार्यातली आहे. मागच्या देखभालीच्या दुपारी त्याचा फोन आला. "दादा, आज रात्री नका करू जी. उद्या पोरांच्या फॉर्मची शेवटची तारीख हाय, लोकं बसले आहेत इथं." मी नाही म्हणायचं कारणच नव्हतं. आदेशाच्या ओळीत त्याच्या सर्व्हरच्या नावाआधी उद्गारचिन्ह टाकलं; अ‍ॅन्सिबलमध्ये त्या चिन्हाचा अर्थ 'हा सोडून'. वडिलांनी शाळेच्या कुंपणाकडे खड्डे सरकवले तसंच हे काम, आणि मला ते केल्याचं बरं वाटलं. मग रात्री जेवताना लक्षात आलं की वडिलांनी ते ओळखीच्यासाठी केलं नव्हतं. त्या गावात त्यांचं कोणी नव्हतं. ते पायी फिरले म्हणून त्यांना ढोरांची जागा दिसली. मी फिरलो नव्हतो, मला फोन आला होता. उद्या शेवटची तारीख असलेले त्या गटात आणखीही कोणी असणार, ज्यांच्याकडे माझा नंबर नाही. त्यांच्यासाठी उद्गारचिन्ह नव्हतं. कंसातून सुटका मिळाली ती पुन्हा ओळखीवरच, आणि तहसीलीत असंच चालतं म्हणून मी बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तावातावाने भांडलेलो आहे.

रात्री आदेश चालला. गोषवारा हिरवा-पिवळा आला.

दुसऱ्या दिवशी यादीच्या फाइलीत प्रत्येक सर्व्हरच्या नावापुढे मी एक नवी नोंद सुरू केली: हा कोण वापरतं, त्यांचे अडचणीचे दिवस कोणते, आणि फोन कोणाला करायचा. साहेबांनी विचारलं, ही नोंद कुठल्या ऑडिटसाठी लागते. म्हटलं, कुठल्याच नाही. ते म्हणाले, मग फावल्या वेळात भरा. तशी भरतो आहे. मोठ्या ग्राहकांच्या ओळी एका दुपारी भरून झाल्या. 'अनग्रुप्ड'मधल्या निम्म्याहून जास्त ओळींपुढे अजून काही लिहिता आलेलं नाही; जुन्या करारांतले नंबर लागत नाहीत, लागले तर उचलणारा म्हणतो, ते साहेब आता इथे नसतात. पुढचा पॅच या शनिवारी आहे, आणि तो त्या ओळींवरही चालेल.